शेवटची अठरा पानं

कसबा बावड्यातल्या क्रांती पाटलिणीला एखादी गोष्ट आवडली की गल्लीची धडगत नसे. मागच्या वर्षी एअर फ्रायर होता, यंदा पुस्तक. सासूबाई, म्हणजे बाळाबाई, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या, तेव्हा ड्रेसिंगला घरी येणाऱ्या एस्तेर सिस्टरनं ते दिलं होतं. ख्रिस्ती घरातली कादंबरी. आजारी बाप, दोन बहिणी आणि रागानं घर सोडून गेलेली थोरली. "वाचा वहिनी, बरं वाटंल," एवढंच सिस्टर म्हणाली. क्रांतीला एवढ्यावर थांबणं कुठलं जमायला! आठवड्याभरात भाजीवालीपासून डेअरीतल्या मापाड्यापर्यंत सगळ्यांना त्या थोरल्या बहिणीचं नाव पाठ झालं.

"देवाधर्माचं हाय, पर परवचन न्हाय त्यात," ती सांगे. "नुसती माणसं हाईत, तुमच्याआमच्यासारखी. रडवतंय आणि वर हसवतंय बी!"

खरं सांगायचं तर हा सगळा डंका एकाच माणसासाठी होता आणि ते माणूस राहत होतं उचगावला. स्नेहल, क्रांतीची थोरली बहीण. सहा वर्षांपूर्वी आईच्या बाराव्याला, भरल्या मांडवात क्रांतीच्या तोंडून निघून गेलं होतं, "आक्का, तू वेळेवर दवाखान्यात न्हेलं असतंस तर आई आज असती." स्नेहल ताटावरून उठली, ती पुन्हा बावड्याला आलीच नाही. ते वाक्य क्रांतीला रोज आठवे. माफी मागायला तिनं कितीदा तरी फोन हातात घेतला, पण थोरलीचं नाव दिसलं की बोट पुढं सरकत नसे.

पुस्तक तरी बोलेल, असं तिला वाटलं. नवरा, अमरसिंह, रोज कागलच्या एमआयडीसीत कामाला जाई आणि उचगाव वाटेवरच होतं. तिनं पुस्तकाला जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलं आणि त्याच्या डब्याच्या पिशवीत कोंबलं.

संध्याकाळी तो चप्पल काढतोय तोवर ती समोर हजर. "काय म्हणाली?"

"काय न्हाय. चहा दिला."

"अवो, पर बोलली काय?"

"साखर लागंल का म्हणाली."

क्रांतीनं कपाळावर हात मारून घेतला.

आठ दिवस गेले. उचगावहून चकार शब्द नाही. क्रांतीनं एका भाजीत दोनदा मीठ घातलं, एकीत घातलंच नाही, आणि घरानं मुकाट्यानं खाल्लं.

रविवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. कोण म्हणून क्रांती बघते तर स्नेहल! पदर खोचलेला, काखेत कॅलेंडरचं कव्हर, आणि चेहऱ्यावर असा काही राग की शेजारची बाळंतीण खिडकीत येऊन उभी राहिली.

"शेवट कुठाय?" स्नेहल उंबऱ्याबाहेरूनच ओरडली. "ती थोरली फाटकापाशी येतीया, कडीला हात लावतीया, आणि फुडं पुठ्ठा! तीन दिस झोप न्हाय मला. आत गेली का न्हाय ती?"

क्रांतीला रडू येत होतं आणि हसूही. चूक कुठं झाली ते तिला तिथंच उमगलं. पाटलांच्या घरात पेपर कुणी अख्खा वाचत नसे. खेळाचं पान अमरसिंहाला, निधनवार्ता बाळाबाईंना, उरलेलं क्रांतीला. कादंबरीची शिवण सुटल्यावर तिचीही तशीच वाटणी झाली होती.

"माझ्या गादीखाली हाईत ती," आतून बाळाबाईंनी निवांत सांगितलं. "आदी शेवट वाचावा माणसानं. उगं जिवाला घोर कशाला?"

क्रांतीनं धावत जाऊन अठरा पानं आणली. स्नेहल घाईत चष्मा विसरून आली होती. मग काय करणार, उंबऱ्याच्या बाहेर एक आणि आत एक, अशा दोघी बसल्या आणि क्रांती मोठ्यानं वाचू लागली. थोरलीनं कडी काढली. धाकटी स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिथं क्रांतीनं पान मांडीवर ठेवलं.

"आक्का, मांडवात माझ्या तोंडातनं गेलं ते…"

"आदी पान संपीव," स्नेहल म्हणाली.

क्रांतीनं नाक पुसत पान संपवलं. मग उरलेली सतराही संपवली. रिक्षावाला मीटर विसरून फाटकाला टेकून ऐकत होता. शेवटचं वाक्य झालं.

"हां. आता बोल," स्नेहल म्हणाली.

"चुकलं माझं, आक्का."

स्नेहलनं पदरानं डोळे टिपले. "तू एकदाच म्हणालीस गं. मी रोज म्हणत हुते स्वतःला. न्हेलं असतं तर, न्हेलं असतं तर…"

क्रांतीनं तिचा हात धरला आणि तिला ओढूनच उंबऱ्याच्या आत घेतलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, मग खिडकीतल्या बाळंतिणीचे विस्फारलेले डोळे पाहून खो खो हसत सुटल्या. चहा झाला, पोहे झाले, सहा वर्षांच्या गप्पा अर्ध्या झाल्या.

निघताना स्नेहलनं अठरा पानं आपल्या हातानं पुस्तकात नीट लावली. थांबलेल्या रिक्षात बसली आणि पुस्तक रिक्षावाल्यापुढं धरलं.

"पावणं, वाचता येतंय न्हवं? मग हे घरी न्या. पर एक सांगते, वाटून वाचू नगासा!"