शेजारचा खण

नकाशाबाईंनी उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, पण समुद्रकाठच्या त्या मोठ्या शहरातली एकही गल्ली त्यांना अनोळखी नव्हती. आपल्या आडगावच्या टपाल कचेरीत एकतीस वर्षं त्यांनी त्या शहराची पत्रं निवडली होती. समोर भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणावर शहरातल्या एकेका भागाची चिठ्ठी आणि डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा. दुसऱ्या कुणाचा पत्ता वाचून होईपर्यंत यांचं पत्र खणात पडलेलं असायचं. कुणी कुठलीही गल्ली विचारावी, त्यांनी न बघता खण दाखवावा. म्हणून कचेरीने त्यांना नकाशाबाई हे नाव दिलं, आणि निवृत्त होताना शाल आणि घड्याळासोबत तेही त्यांनी घरी नेलं.

आता त्या एकट्याच त्या शहराला निघाल्या होत्या. कारण होता दादा.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. तो तरुणपणीच त्या शहरात गेला आणि तिथलाच झाला. अकरा वर्षांपूर्वी आईने अंथरूण धरलं तेव्हा नकाशाबाईंनी त्याला तातडीचं पत्र लिहिलं, स्वतःच्या हाताने शिक्का मारला, स्वतःच्या हाताने खणात टाकलं. दादा आला तो आई जाऊन दोन दिवस झाल्यावर. दारातच म्हणाला, "पत्र उशिरा मिळालं गं." एवढं म्हणून थांबता तर निभावलं असतं. पण पुढे म्हणाला, "तुमच्या खात्याचा काही भरवसा नाही."

खात्याला बोललेलं नकाशाबाईंना सोसणं शक्य नव्हतं. आईचं दुःख होतंच, त्यात हे. "स्वतः उशीर करायचा आणि टपालावर ढकलायचं," त्या म्हणाल्या, "पुन्हा या घराची पायरी चढू नकोस." दादाही त्याच आईचा मुलगा. चढला नाही.

मागच्या आठवड्यात चुलतभावाने फोनवर सांगितलं, की दादा कायमचा परदेशात मुलाकडे चालला आहे. शनिवारी दुपारी दोनला घर सोडणार. दादाचा नंबर घेऊन त्याला फोन करता आला असता. पण तो 'नको येऊस' म्हणाला असता, आणि ते ऐकूनही जावं इतकं मोठं मन आपल्याला नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यापेक्षा न सांगता दारात उभं राहिलेलं बरं. दारातून कुणाला हाकलायचं म्हणजे निदान तोंडाकडे बघावं लागतं.

पेन्शनीतून प्रवास करायचा म्हणजे हात आखडताच ठेवायचा. साध्या गाडीची खिडकी, डब्यात घरची पोळीभाजी, आणि राहायला बायकांच्या वसतिगृहातली एक खाट. खाट त्यांनी विचार करून निवडली. दादाचं घर मिठागर वसाहतीत, आणि खणांच्या रांगेत मिठागरच्या उजव्या हाताला जुनी जकात. दोन्हींमध्ये पाव इंचाची फळी. जुन्या जकातीत स्वस्त खाट मिळत होती, तेव्हा त्यांनी दुसरीकडे कुठे विचारलंसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी नऊला त्या पोहोचल्या. खोलीत आठ खाटा होत्या आणि आठांत मिळून एक आरसा. चादरीला कडक साबणाचा वास येत होता. मालकीणबाईंनी कपाटाची किल्ली दिली. ती हरवू नये म्हणून तिला लाटण्याएवढं लाकूड बांधलेलं. "खिडकीतून समुद्र दिसतो," मालकीणबाई म्हणाल्या. खिडकी न्हाणीघरात होती आणि समुद्र दिसायला बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहावं लागायचं. बाईंनी बादलीचा तळ दाबून पाहिला आणि समुद्र परतीच्या दिवसावर ढकलला.

वेळ भरपूर होता. फार लवकर गेलं तर लाचारी दिसेल, अगदी ऐनवेळी गेलं तर गडबड होईल. साडेबारा ठीक. त्यांनी अंघोळ केली, इस्त्रीची साडी नेसली, खाटेवर बसून काय बोलायचं ते मनात चारदा म्हटलं. दादाने माफी मागितली तर आपण लगेच विरघळायचं नाही, हेही ठरलं.

साडेबाराला त्या बाहेर पडल्या आणि डावीकडे चालू लागल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गोदामं संपून गोदी लागली, आणि मिठागरचा पत्ता नाही. कुणाला विचारायचं त्यांच्या जिवावर आलं, पण शेवटी फूटपाथवर बसलेल्या किल्लीवाल्यापाशी थांबल्या.

"मिठागर वसाहत कुठल्या बाजूला हो?"

किल्लीवाल्याने कानस थांबवली. "मिठागर? ते खाडीपलीकडे, काकू. शहराचं दुसरं टोक."

"नाही हो. जुन्या जकातीला लागूनच आहे."

"चाळीस वर्षं इथे बसतोय मी."

"आणि मी एकतीस वर्षं..." बाई म्हणू लागल्या. खण शेजारी का होते, ते तिथे उन्हात उभ्या उभ्या त्यांच्या लक्षात आलं. दोन्ही भागांच्या थैल्या एकाच मोटारीत चढायच्या. मोटार एक, म्हणून खण शेजारी. शहर कसं पसरलंय, याच्याशी भिंतीवरच्या त्या लाकडाचा काडीचाही संबंध नव्हता.

एक टॅक्सी आली. भाडं ऐकून बाईंनी ती जाऊ दिली. ती वळून दिसेनाशी झाली आणि त्यांना आपल्या कंजूषपणाचा राग आला, पण दुसरी काही आली नाही. मग बस. एक पुलापर्यंत, दुसरी पुलावरून पलीकडे.

पुलावर बस मुंगीच्या पावलांनी चालली होती. खाली खाडी, खाडीच्या तोंडाशी समुद्र, पण नकाशाबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांना आता वेगळंच काहीतरी कुरतडत होतं. कचेरीत कधीमधी एखादं पत्र शेजारच्या खणात पडायचं. सगळ्यांचंच पडायचं. त्यावर बाईंचं ठरलेलं उत्तर होतं, "शेजारीच तर पडलंय, तिथला पोस्टमन हात लांब करून देईल." हात लांब करून! या खाडीवरून? ते पत्र आधी जुन्या जकातीत जाणार, तिथून उलट मोठ्या कचेरीत, तिथून पुन्हा नव्या थैलीत. म्हणजे दोन दिवस.

आईच्या आजाराचं पत्र टाकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खण कुठला होता ते आता शपथेवर सांगता आलं नसतं. अकरा वर्षांत हा प्रश्न त्यांनी एकदाही स्वतःला विचारला नव्हता. त्या माफी घ्यायला निघाल्या होत्या, आणि आता बहुतेक मागायची होती. घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

मिठागर वसाहतीतली चौथी इमारत, तळमजला. पावणेतीनला त्या पोहोचल्या तेव्हा दाराला कुलूप होतं. समोरच्या बिऱ्हाडातली बाई वाळत घातलेले कपडे काढत होती. "आत्ताच गेले, अर्धा तास झाला. बसा ना, पाणी देते. फारच धापा टाकताय."

नकाशाबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या आणि रडल्या. कुणी सांत्वन करावं असं ते रडणं नव्हतं, आणि शेजारीण समजूतदार. पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली.

तेवढ्यात दुपारच्या वाटपाचा पोस्टमन आला. त्याने तीन पेट्यांत तीन पत्रं टाकली, चौथं काढलं, कुलपाकडे पाहिलं आणि ते पुन्हा हातात घेतलं. नकाशाबाईंनी पदराने डोळे पुसले. खात्याचं काम समोर चाललेलं असताना त्यांना बघितल्याशिवाय राहवेना.

"ते का नाही टाकलं?"

"यांचं आजपासून वळवायचंय. हे एक चुकून गठ्ठ्यात राहिलं." त्याने वहीतून नवा पत्ता काढला, गुडघ्यावर पत्र ठेवलं, जुना पत्ता खोडला आणि लिहू लागला.

एकतीस वर्षांच्या नोकरीत माणूस उलटं वाचायला शिकतोच. पहिल्या ओळीत बाईंना आपल्या गावाचं नाव दिसलं. दुसऱ्या ओळीत आपली गल्ली. मग घराचा नंबर.

पोस्टमन आपल्याच नादात बोलत होता. "अर्ज दिला तेव्हा मीच म्हटलं, काका, पेन्शनीचे कागद, बँकेचे कागद, सगळं इतक्या लांब वळवताय, तिकडे घ्यायला कुणी असतं ना? नाहीतर फिरून परत येईल. तर म्हणाले, धाकटी बहीण आहे. घरीच असते. टपाल कसं सांभाळायचं, ते तिला कुणी शिकवायला नको."

बाईंनी पायरीवरून उठून नव्या पत्त्यावर बोट ठेवलं.

"पाण्याच्या टाकीमागे, असं लिहा," त्या म्हणाल्या. "त्या नंबरची दोन घरं आहेत. नवा माणूस चुकतो."

पोस्टमनने मान वर केली. "तुम्हाला कसं माहीत, मावशी?"

"मीच ती. धाकटी."

त्याने पत्राकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि पत्र पुढे केलं. "मग आत्ताच घ्या की."

बाईंचा हात पुढे झाला आणि थांबला. "नको. रीतीने येऊ दे. फक्त खण बघून टाकायला सांगा."

त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला. चारची मोटार, संध्याकाळची थैली, रविवारी सुट्टी, सोमवारी दुपारी घरी. खाटेचे दोन दिवसांचे पैसे भरले होते, ते बुडाले. समुद्रही राहिला. त्यांनी शेजारणीचा तांब्या परत दिला, तिच्याकडून चुलतभावाला फोन लावून दादाचा परदेशातला नंबर लिहून घेतला, आणि स्टँडवर जायची बस विचारली, या वेळी निघायच्या आधी. सोमवारी दुपारी दार उघडायला त्यांना घरी असायचं होतं.