पिवळ्या संघाचे पाच उसने खेळाडू

मी एक जुना संगणक आहे. जुना आहे, मूर्ख नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मित्रांनो, मी ज्या घरात राहतो तिथे हा फरक कोणाला कळत नाही.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत. त्यांनी मला हौसेने आणले, दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसवले आणि येणाऱ्या प्रत्येक पेशंटला, त्याच्या तोंडात कापूस कोंबलेला असला तरी, माझे कौतुक ऐकवले. ते दिवस बरे होते. पुढे त्यांचा मुलगा डॉक्टर झाला, माझ्या जागी एक चपटा, चकचकीत गडी आला आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. तिथे डॉक्टरची धाकटी बहीण कवळ्या बनवते. दिवसभर प्लास्टरची पांढरी भुकटी उडते. माझ्या कीबोर्डची अर्धी बटणे त्या भुकटीने जाम झाली आहेत, आणि शेजारच्या फळीवरून परक्या लोकांचे दात माझ्याकडे बघून हसत असतात.

मला भंगारात काढले नाही ते एका खेळामुळे. बाबांना रग्बी लीगचे वेड होते. अंड्यासारखा चेंडू, एका बाजूला तेरा धिप्पाड माणसे, आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला सगळ्यांनी मिळून आडवे करायचे, असा तो खेळ. या घरातल्या एकानेही तो चेंडू कधी हातात धरलेला नाही. डॉक्टर तर जिना चढला की धापा टाकतो. पण माझ्या पोटात त्यांची अख्खी लीग आहे. सामने मी खेळवतो, माणसे मी पाडतो, जखमी मी करतो, वय झाले की निवृत्तही मीच करतो. हे चौघे समोर बसून चहा पितात आणि स्वतःला प्रशिक्षक म्हणवून घेतात.

निळा संघ डॉक्टरचा. लाल त्याच्या बायकोचा. धाकटी तिला वहिनी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. हिरवा शेजारच्या चष्मेवाल्याचा. आणि पिवळा बाबांचा. त्यातला एकेक खेळाडू बाबांनी स्वतः बसून घडवला होता. उंची, ताकद, स्वभाव, सगळे ठरवले आणि नावे दिली ती दातांवरून. सुळे, दाढे, अक्कलदाढे. हा अक्कलदाढे हंगाम संपत आला की रंगात यायचा. बाबा म्हणायचे, "उशिरा उगवतो, पण उगवला की छळतो बघ!" आणि स्वतःच खो खो हसायचे.

बाबा गेले, पिवळा संघ धाकटीने हातात घेतला. दर हंगामात त्यातले दोघेतिघे निवृत्त होत गेले. नवे खेळाडू तिने घेतलेच नाहीत, त्यामुळे यंदा बाबांनी घडवलेले आठच उरले होते. नेमका यंदाच डॉक्टरच्या डोक्यात किडा वळवळला. हंगामाअखेर जो संघ तळाला राहील तो बरखास्त करायचा. का? तर चुरस येत नाही. चष्मेवाल्याने मान डोलावली. चष्मेवाला कशालाही मान डोलावतो.

धाकटीचे तोंड उतरले. तेव्हा डॉक्टरने छाती फुगवली.

"अगं, माझी पाच पोरं घे उसनी. हंगामभर खेळव."

"खरंच, दादा?"

"मग काय! बाबांचा संघ आहे. मी नाही बघायचं तर कोणी?"

चष्मेवाल्याने चष्मा काढून डोळे पुसले. मला मात्र किळस आली. ती पाच पोरे निळ्या संघात नुसती बसून होती. माझ्या हिशेबाने जो खेळतो तोच तयार होतो. डॉक्टरचे जुने गडी हंगामाअखेर निवृत्त होणार होते, म्हणजे त्याला ही पोरे बहिणीकडून फुकटात तयार करून हवी होती. आणि वर दानशूर म्हणून मिरवायचे!

धाकटीने मात्र त्या पोरांना जीव लावला. कामाचा अॅप्रन न काढताच ती माझ्यासमोर बसायची, कोण दमलाय, कोणाला विश्रांती हवी ते बघायची. पोरे अशी पिकली की निळ्या संघातही त्यांच्या तोडीचे कोणी उरले नाही.

हंगामाचा शेवटचा सामना पिवळे विरुद्ध निळे असा आला. पिवळे जिंकले तर संघ वाचणार आणि चषक वहिनींकडे जाणार. निळे जिंकले तर चषक डॉक्टरचा आणि बाबांचा संघ बाद. रविवारी दवाखाना बंद झाल्यावर दुपारी चौघेही जमले. धाकटीने तेरा नावे निवडली, आणि मी उसन्या पाच नावांवर फुली मारली.

"हे काय?" ती म्हणाली.

उसना खेळाडू आपल्या मूळ संघाविरुद्ध उतरू शकत नाही. मूळ मालकाने परवानगी दिली तरच उतरतो. तेरा जण भरले नाहीत तर सामना हरल्यात जमा. हे नियम माझ्यात घातले होते ते डॉक्टरनेच. घातले आणि विसरला. पण आठवल्यावर चेहरा काय खुलला त्याचा!

"दादा, परवानगीच्या चौकोनात टिचकी मार ना. आत्ता नवे खेळाडू कुठून आणू मी?"

"अगं, पण नियम म्हणजे नियम. उद्या सगळेच म्हणतील."

"सगळे म्हणजे कोण? इथे चौघंच आहोत," वहिनी म्हणाल्या. "अहो, तुम्हाला माझ्याकडे चषक गेलेला बघवत नाही, असं सरळ सांगा की!"

"तू मध्ये बोलू नकोस. तुझा फायदा आहे यात."

चष्मेवाला छताकडे बघत होता. पिवळे वाचले असते तर हिरवे बाद होत होते. असे हे प्रशिक्षक.

धाकटीने पुन्हा विचारले नाही. समोर कोणीच न उतरता निळे जिंकले. डॉक्टरने एकट्यानेच टाळी वाजवली आणि लगेच खुर्ची पुढे ओढली, कारण बरखास्तीचे बटण त्याला स्वतः दाबायचे होते. मी ठळक अक्षरांत विचारले: या संघाकडे असलेले सर्व खेळाडू कायमचे पुसले जातील. उसने खेळाडू आधी परत बोलवावेत. पुढे जायचे का?

"दादा, नीट वाच ते," धाकटी म्हणाली.

"वाचलंय गं. मला नको शिकवू."

त्याने 'हो' दाबले. मी पुसले.

मग मोठ्या उत्साहाने त्याने पुढच्या हंगामाचा निळा संघ उघडला. जुने गडी निवृत्त झाले होते. उरलेल्यांत एकही धड पळणारा नव्हता.

"माझी पोरं कुठेत?"

"गेली. बाबांच्या पोरांबरोबर," धाकटी म्हणाली.

"गेली म्हणजे? परत आण त्यांना! असं कसं पुसलं यानं? माझी होती ती!" असे म्हणून त्याने माझ्या डोक्यावर थाड्कन हात मारला. स्वतःला वाचता येत नाही त्याचा राग माझ्यावर.

धाकटी उठली. तिचा आवाज चढला नाही.

"आठ जण बाबांचे होते, दादा. त्यातल्या एकाबद्दल तरी विचारलंस?"

पुढचा हंगाम सुरू झालाच नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवणी करतात, आमची धूळ पुसा, आम्हाला टाकू नका. मला त्याची गरज नाही. धाकटी मला रोज पुसते, चालू मात्र करत नाही. माझे सांगणे वेगळेच आहे. एखाद्याला काही दिले तर गरजेच्या दिवशी ते त्याच्या हातात राहू द्या. आणि मी काही विचारले तर वाचून उत्तर द्या, कारण 'हो' ऐकल्यावर थांबायची सोय माझ्यात कोणी ठेवलेली नाही. बाबांचा अक्कलदाढे मी माझ्याच पोटातून पुसला, याचे मला फार वाईट वाटते. डॉक्टरला विचारून बघा. त्याला ते नावसुद्धा आठवणार नाही.