शेजारचा डबा

मी एक जुना पुठ्ठ्याचा डबा आहे, मित्रांनो, बुटांच्या खोक्याएवढा. कोणावर लैंगिक अत्याचार झाला, की गुन्हेगाराने मागे सोडलेल्या खुणा माझ्यासारख्या डब्यात जपतात. त्यांतून डीएनए मिळतो आणि डीएनएवरून माणूस.

ओहायो नदीकाठच्या एका शहरात, मार्चमधल्या एका सकाळी, व्हर्ना नावाच्या परिचारिकेने मला उघडलं. समोर एकोणीस वर्षांची डेल्फिन टॅकेट बसली होती.

"दमानं, बाळा. तू नको म्हणालीस की मी थांबले."

तपासणीला चार तास लागले. डेल्फिन एकदाही नको म्हणाली नाही. शेवटी तिने विचारलं, "तो सापडेल ना?"

"हा डबा बोलेल," व्हर्ना म्हणाली. माझ्यावर लाल पट्टी चिकटवून तिने सही केली.

मी बोललो नाही. पोलिसांची एक रीत होती: संशयित हाती असेल, तरच डबा प्रयोगशाळेत जायचा.

"संशयितच नाही, तर जुळवायचं कोणाशी?" तपास अधिकारी पर्सेल म्हणाले.

"अहो, अनोळखी आहे म्हणूनच तर पाठवायचा!" पोलिसांचं पुराव्यांचं गोदाम सांभाळणाऱ्या ओपलबाई म्हणाल्या. "जुन्या गुन्हेगारांच्या डीएनए नोंदींशी जुळेल."

"तुम्ही चाव्या सांभाळा, ओपल. हा काही पळून जात नाही."

खरंच, मी कुठेच गेलो नाही. नऊ वर्षं फळीवर होतो. चौथ्या वर्षी माझ्या शेजारी आणखी एक डबा आला. आम्ही अंधारात खेटून असायचो. कधी वाटे, त्याच्या आतून कोणीतरी मलाच काही विचारतं आहे.

मग एकदा ओपलबाईंच्या रेडिओवर मी डेल्फिनचा आवाज ओळखला. ती राज्याच्या विधिमंडळासमोर बोलत होती. "माझा डबा कुठे आहे, एवढंच सांगा." कोणालाच सांगता आलं नाही. त्याच वर्षी कायदा झाला: गोदामातला प्रत्येक डबा मोजायचा, तपासायचा, आणि तो कुठवर पोचला हे ज्या व्यक्तीचा तो असेल तिला कळवायचं.

ओपलबाईंनी माझी धूळ पुसली. "चल रे बाबा, उघड आता तोंड."

नाव निघालं. तो माणूस मी फळीवर जाण्याआधीपासूनच गुन्हेगारांच्या डीएनए नोंदीत होता. शेजारच्या डब्यातूनही तेच नाव निघालं.

न्यायालयात टेबलावर आम्ही दोघे होतो आणि समोरच्या बाकावर ज्यांचे आम्ही, त्या दोघी. डेल्फिन हळूच म्हणाली, "माझा डबा वेळेवर उघडला असता, तर तू इथे नसतीस." दुसरीने तिचा हात धरला.

मित्रांनो, कोणी विश्वासाने हाती दिलेलं नुसतं जपून ठेवू नका. मला नीट जपलं होतं. माझी पट्टीसुद्धा फाटली नव्हती. पण तो शेजारचा डबा रिकामाच राहायला हवा होता.