लंका गं

दुपारी अडीचला बाळ झोपलं की राखीच्या जिवाची नुसती घालमेल सुरू होई. चाळीस मिनिटं, फार तर पन्नास. तेवढ्यात दोरीवरचे लंगोट काढायचे, दोन घास पोटात ढकलायचे आणि गळा तापवायचा.

गळ्याचीच धास्ती होती. शनिवारी गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात तिचा आणि मैत्रीण आफियाचा गाण्याचा कार्यक्रम ठरला होता, बाळंतपणानंतरचा पहिला. आणि त्या संध्याकाळी बाळाला सांभाळाल का, हे सासूबाईंना अजून विचारलंच नव्हतं. रोज जिभेवर येई, रोज गिळलं जाई.

आफिया आली ती स्कूटरची किल्ली बोटावर फिरवत.

"दार लोट," राखी कुजबुजली. "आणि हळू."

"हळू हे गाणं होतच नाही, बाई."

ही जोडी बारावीतली. आफियाचे मामा मुस्तकीम मनमाडला रेल्वेत गार्ड. त्यांनी दिलेल्या एका कॅसेटवर दोन अमेरिकन गोऱ्या गायकांची गाजलेली बारा गाणी होती. गोरे, पण गात ते काळ्या गायकांच्या ढंगात, अगदी बेंबीच्या देठापासून. एक खर्जातला, एक वरचा. खालचा राखीने घेतला, वरचा आफियाने. दोघी मराठी माध्यमाच्या. ऐकू आलं तसं देवनागरीत वहीत उतरवलं. पुढे मोबाइलवर खरे शब्द सापडले, तोवर जिभेला तेच वळण पडलं होतं.

राखीने डोळे मिटून खर्ज लावला. आवाज ओल्या सरपणासारखा धुमसला. दुसऱ्या खेपेला जरा मोकळा झाला. मग दोघी ध्रुवपदावर आल्या, जिथे तो गोरा सोडून गेलेल्या बाईसाठी टाहो फोडतो: "बेबी, लंका गं... लंका गं..."

दार उघडलं. राखीच्या सासूबाई, लंकाबाई, पदराला हात पुसत उभ्या होत्या. बाळंतपणासाठी म्हणून गावाहून, पेठहून इंदिरानगरच्या या घरी आल्या होत्या, तेव्हापासून इथेच.

"माझं नाव घेऊन रडाया काय झालं? मी मेले का काय?"

राखीने जीभ चावली. लग्नाला चार वर्षं झाली, सासूचं नाव तिने कधी ओठांवर आणलं नव्हतं. आणि गाण्यात तेच नाव येतंय हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तुम्हाला नाही हो, आई. इंग्रजी आहे. लाँग गॉन. म्हणजे केव्हाच निघून गेलेलं."

"कोण गेलं?"

"प्रेम गेलं, काकू," आफिया म्हणाली.

"मंग त्याला हाका मारा. मला कशापायी?"

आफियाने ओढणी तोंडात धरली. राखीला हसूही येईना. आता कसलं विचारणं आणि कसला शनिवार.

लंकाबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. "म्हण बरं, नीट काय हाय ते."

राखीने खरे शब्द म्हटले. सूर जिथे ताणायचा, नेमका तिथेच गळा मिटला. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. तिचे डोळे भरून आले.

"गेला माझा आवाज."

"आवाज कुठं जातोय? शब्दच वंगाळ हाय." लंकाबाई गुडघा चोळत म्हणाल्या, "आम्ही भाताच्या आवणीला, रोपं लावताना गायचो. शेवटाला आ नसला तर बाईनं तोंड उघडायचं कसं? लंकाच म्हण. नाव माझं हाय, मीच सांगते ना."

राखी घुटमळली. मग म्हणाली. 'का'वर आवाज उघडला, खाली उतरला आणि छातीत घुमला. आफियाने वरून तो अलगद धरला. आणि पाळण्यातून टाहो फुटला.

राखी उठायच्या आत लंकाबाईंनी बाळ खांद्यावर घेतलं.

"आई, शनिवारी..."

"ठावं हाय. आठ दिस झाले, पिल्लं हरवलेल्या मांजरीवाणी फिरती तू. किती वाजता?"

"सात ते नऊ."

"आठला ये."

"साडेआठ, आई. गाणी बारा आहेत."

"मंग दहाच म्हणा. न् दूध काढून ठेव." बाळाला थोपटत त्या गॅलरीत गेल्या.

राखीने वही ओढली. कुठली दोन गाळायची यावरून दोघींचं लगेच भांडण जुंपलं.