एका ठोक्यात बारा मशिनी

टण्.

मी एक जुना टोल आहे, मित्रांनो. रुळाचा हातभर तुकडा, वरच्या टोकाला भोक, भोकात तार. एवढं सांगून मी जरा थांबतो. ठोका विरायला वेळ लागतो. तुम्हीही थांबा.

टण्.

आता बालपण यायला हवं. ते फार लहान आहे. विश्रामशेठच्या वडिलांनी मला कल्याणच्या भंगारवाल्याकडून उचललं आणि कोलशेतच्या आपल्या कारखान्यात टांगलं. इथे डब्यांची प्लास्टिकची झाकणं बनतात. झालं बालपण.

तारुण्य मात्र मोठं. सकाळी आठ वाजता फोरमन महिपतमामा मशिनींवरून उदबत्ती फिरवायचे, कामगार बारा बटणांवर बोटं ठेवून उभे राहायचे आणि मामा मला हातोडा मारायचे. एक ठोका, बारा मशिनी. बाहेरचा पाहुणा यायचा असला की शेठ त्याला मुद्दाम आठला बोलवायचे. लोखंड फुगत नाही म्हणतात, पण मी फुगायचो.

टण्.

इथे गोष्ट मोडते.

गेल्या वर्षी मोठी मागणी आली. त्यासाठी तेरावं मोठं मशीन हवं होतं. वीज कार्यालयाने सांगितलं, तुमचा मंजूर भार एकशेवीस किलोवॅट, तुम्ही एकशेअठरापर्यंत जाता, वाढीव भाराला आठ महिने लागतील. तेवढं थांबायला गिऱ्हाईक तयार नव्हतं. मागणी गेली असती, तर पॅकिंगचं टेबल बंद झालं असतं. त्या टेबलावर बाळकुमच्या शेवंतीताई आणि त्यांच्या आठ जणी बसतात. त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं. पण डबा खाताना त्या दुसरीकडे कुठे काम मिळेल ते एकमेकींना विचारत होत्या. मी ऐकत होतो.

मग उत्तरा मॅडम आल्या. कारखान्यांना वीज कशी वाचवायची ते सांगणं हे त्यांचं काम. आठवडाभर त्यांनी तारांना मोजणी यंत्र लावलं, मग एक कागद शेठच्या टेबलावर पसरला. कागदावर दिवसभराची रेघ सपाट होती. आठ वाजता मात्र सरळ सुळका.

"हा मलंगगड कुठून आला?" शेठ म्हणाले.

मॅडमनी पॅकिंगच्या टेबलाशी जाऊन थेट शेवंतीताईंना विचारलं, "ताई, आठ वाजता इथे काय होतं हो?"

"काय होणार मॅडम. मामा टोल मारतात, आणि वरची ट्यूबलाईट डोळा मारते. रोज."

सगळ्या जणी हसल्या. महिपतमामा हसले नाहीत.

मॅडमनी समजावून सांगितलं. बारा मशिनींचे हीटर थंडगार असताना एकदम तापायला लागतात. मीटर महिनाभरातली सगळ्यांत मोठी उडी लक्षात ठेवतो. ती उडी नव्वदच्या आत राहिली, तर तेरावं मशीन याच भारात बसेल. म्हणजे दोषी कोण? मी. ज्या ठोक्याचा मला गर्व होता, तोच.

"मग टाइमर लावू," शेठ म्हणाले. "टोल काढून टाका."

"बावीस वर्षं मारतोय मी," मामा म्हणाले. "टाइमरला कळतं का, कोण आलाय, कोण नाही? एका ठोक्याचे चार करतो. तीन-तीन मशिनी. मग तर झालं?"

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. "चालेल की, मामा. मला चार ठोकेच हवे होते."

७.२० टण्.

७.४० टण्.

८.०० टण्. ट्यूबलाईटने डोळा मारला नाही.

८.२० टण्.

माझं आयुष्य असं तुकड्यांत आलं, आणि तुकड्यांतच चांगलं वाटू लागलं. जेवणाच्या सुट्टीत मॅडम आणि शेवंतीताई साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन हवेच्या नळ्यांवरून फिरल्या. जिथे फेस फुगला तिथे गळती. अकरा ठिकाणी सापडली; तेवढी हवा पुन्हा भरायला वीज फुकट जात होती. वर्षानुवर्षं मी ते सुस्कारे ऐकत होतो; मला वाटायचं, शेडच झोप काढतेय.

"अगं बाई, ही नळी तर आमच्या सासूबाईंसारखी," शेवंतीताई म्हणाल्या. "दिवसभर पुटपुटते, ऐकत कोणी नाही."

महिना भरायला चार दिवस उरले. मीटरवर शहाऐंशी. त्या दिवशी अकरा वाजता वीज गेली ती पाऊण तासाने आली. हीटर थंड झाले होते. वीज येताच बारा हात बारा बटणांकडे धावले. वेळ भरून काढायची होती ना. महिपतमामा फाटकाबाहेर चहाला गेले होते.

शेवंतीताई टेबलावरून उठल्या, हातोडा उचलला आणि मला असं हाणलं की माझी तार करकरली.

टण्. टण्. टण्.

"कोणी हात लावायचा नाही. पहिल्या तीनच. बाकीच्यांनी हात मागे घ्या. ए गुणाजी, तुला वेगळं सांगू का?"

गुणाजी कारखान्यातला सगळ्यांत दांडगा गडी. त्याने हात खिशात घातला. मामा धावत आत आले, तेव्हा ताई घड्याळाकडे बघत उभ्या होत्या, दुसऱ्या ठोक्याला अजून बारा मिनिटं होती. मामा शेजारी जाऊन उभे राहिले. हातोडा मागितला नाही.

महिना संपला. आकडा सत्त्याऐंशी. शेठनी कागद दोनदा वाचला आणि त्याच दिवशी तेराव्या मशीनची मागणी पाठवली.

मित्रांनो, आता मी विनंती करायची वेळ. मला तेल लावा, पुसा, असं म्हणणार नाही. तुमच्या घरी सकाळी गिझर, इस्त्री, मिक्सर, पंप सगळे एकदम ओरडतात. त्यांना पाळीने बोलू द्या. कोणाला काही कमी पडत नाही, फक्त मध्ये थोडी जागा लागते. ती जागा जपा. कधी कधी त्या जागेत नऊ जणींचं टेबल मावतं.

नवं मशीन आलं. मामांनी त्याला हार घातला, उदबत्ती फिरवली आणि हातोडा शेवंतीताईंपुढे केला.

"तुझं मशीन. तू मार."

"जड आहे हो मामा हा."

"मग बावीस वर्षं मी काय फूल धरलं होतं?"

८.४०

टण्.

तासाभराने पहिलं झाकण टेबलावर आलं. शेवंतीताईंनी ते उचललं आणि नऊ जणींच्या हातांतून फिरवलं. शेवटच्या हातातही ते गरमच होतं.