पडलेला हँडपीस

हातात धरून घासकाम करायचा मोटरचा हँडपीस फरशीवर आपटला तसं काकांनी आधी दाराकडे पाहिलं, मग खाली. दातांच्या लॅबमध्ये अजून कुणी आलं नव्हतं. त्यांनी गुडघा टेकवून तो उचलला, अॅप्रनला पुसला आणि गुपचूप स्टँडवर ठेवून दिला.

निसटताना बोटांना कळलंच नाही. एकतीस वर्षं कवळ्या आणि दातांच्या धातूच्या फ्रेमा घासून उजव्या हाताची दोन बोटं सकाळी पांढरीफटक पडायची आणि तासभर कुणा परक्याची असल्यासारखी वागायची. घरी बायकोला माहीत होतं. इथे कुणालाच नाही.

आणि पडलेला हँडपीस वापरायचा नाही, हा नियम काकांनीच घातलेला. पडला की सांगायचं, बाजूला काढायचा, दुरुस्तीवाल्याने आतली पकड तपासेपर्यंत शिवायचं नाही. मागे एकाने लपवलं, तर काकांनी त्याला आठवडाभर नुसतं प्लास्टर कालवायला लावलं होतं. आता आपण सांगायचं, तर पुढचा प्रश्न ठरलेलाच. काका, तुमच्या हातून? कसा काय?

त्यांनी घासायचं धातूचं टोक, म्हणजे बर, त्यात बसवून हळू फिरवून पाहिला. आवाज नेहमीसारखा. पण हळू फिरताना बिघडलेला हँडपीसही शहाण्यासारखा वागतो, खरं रूप दाखवतो तो वेगात. वेगाच्या बटणाकडे काकांचा हात जाईना.

शेजारच्या टेबलावर बसणारी आली. जिभेमुळे सगळे तिला मिरची म्हणत. आल्या आल्या तिने विचारलं, तोंड असं का, प्लास्टर गिळलंत की काय? झोप झाली नाही, म्हणून काकांनी वेळ मारून नेली. मग दुपारपर्यंत त्यांनी मोटरला हात लावला नाही. मेणाचं काम काढलं, साचे तासले, उगाच ड्रॉवर आवरला. जेवणाचा डबा तर अर्धा तसाच परत ठेवला.

साचे धुवायला ते बेसिनपाशी गेले आणि मागून ओळखीचा आवाज चढत गेला. मिरचीचा हँडपीस सकाळपासून तापत होता, म्हणून तिने काकांचा उचलला होता. मान खाली घालून ती फ्रेम घासत होती. डोळ्यांवर चष्मा होता, पण गळा उघडाच. एवढ्या वेगात बर सुटला तर तो कुठे जाईल ते काकांना डोळ्यांसमोर दिसलं.

त्यांनी हाक मारली. धूळ ओढणाऱ्या सक्शनच्या घरघरीत तिला ऐकूच गेली नाही. मध्ये दोन टेबलं. काकांनी ओल्या हातानेच भिंतीवरचा मेन स्विच पाडला.

सगळं एकदम गप्प झालं.

"लाइट गेली?" मिरचीने मान वर केली.

"मी बंद केली. तो खाली ठेव. सकाळी पडलाय तो."

"कुणाच्या हातून?"

"माझ्या."

तिने बर चिमटीत धरून ओढला. जराही जोर न लावता तो बाहेर आला. तिने तो काकांसमोर धरला.

"तुम्ही सांगितलं नाहीत, काका."

"बोटं बधिर होतात माझी. दीड वर्ष झालं. सांगितलं असतं, तर हे काम गेलं असतं."

"आणि मी गेले असते तर?"

लाइट का गेली ते बघायला लॅबच्या मालकीणबाई निघाल्या होत्या. त्या जिन्यातच थांबल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. ओरडल्या नाहीत. उद्या डॉक्टरांना हात दाखवा म्हणाल्या, आणि तोवर मोटरवर बसू नका. काकांनी मान डोलावली. तोवर म्हणजे कधीपर्यंत, हे त्यांनीही विचारलं नाही आणि बाईंनीही सांगितलं नाही.

उरलेली दुपार मिरचीने त्यांच्याकडे न बघताच काम उरकलं.

संध्याकाळी बाकी सगळे गेले. काका अॅप्रनची बटणं काढायला लागले. वरचं निघालं, दुसरं बोटांना सापडेना. मिरची पर्स घेऊन दारापर्यंत गेली होती. ती परत फिरली, फडकं घेतलं आणि काकांकडे पाठ करून आपलं पुसलेलंच टेबल पुन्हा पुसत बसली, शेवटचं बटण निघेपर्यंत.