मागची खिडकी नसलेलं हॉटेल

लकडगंजातले लाकडाचे व्यापारी रुपराव यांना हॉटेल काढायचं होतं, आणि तेही एकदम नव्या पद्धतीचं. १९७३ साल होतं. काम मधुसूदन आर्किटेक्टांकडे आलं आणि तिथून प्रेमिला गजभियेच्या टेबलावर. नकाशे काढणाऱ्या चौघांत ती एकटीच बाई.

प्रेमिलानं तीन आठवडे त्यावर घालवले. घडी पाडलेल्या कागदासारखं काँक्रीटचं छप्पर, त्याखाली चारच खांब, समोर सगळी काच, आणि आत या टोकापासून त्या टोकापर्यंत वळत गेलेलं एकच टेबल. शाईची रेष कुठं जाड झाली नव्हती की थरथरली नव्हती. टेबलाशी तिनं माणसंही बसवली. खांद्यावर गोणपाट टाकलेले हमाल, त्यांना खेटून एक वकील, पर्स घेतलेल्या दोन बाया.

रुपरावांना छप्पर आवडलं. मग त्यांचं बोट हमालांवर थांबलं.

"बाई, हे इथं काहून बसवले? त्यायच्यासाठी मागून एक खिडकी काढा. चहा तिकडूनच देऊन टाकू."

कुही गावच्या बाजारात प्रेमिलाच्या वडिलांना, लहानूंना, वर्षानुवर्षं चहा हॉटेलाच्या मागच्या बाजूनंच मिळायचा. टवके उडालेल्या कपात. पिऊन झाल्यावर तो विसळून पुन्हा खुंटीला अडकवायचाही त्यांनीच. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी तो कप दगडावर फोडला आणि बाजारातला चहाच सोडला.

"खिडकी मी काढणार नाही," प्रेमिला म्हणाली.

"अहो, चार रेघांचं काम आहे," मधुसूदन साहेब म्हणाले.

"चारच आहेत, साहेब. पण माझ्या हातानं नाही पडायच्या."

खिडकीसकट नवा नकाशा शेजारच्या टेबलावरच्या माणसानं काढून दिला. तिचा कागद रद्दीत गेला. तिनं तो मागून घेतला, साहेबांनीही हसून दिला.

डिसेंबरात शहरातल्या एका कलामंडळाचं चित्रप्रदर्शन भरलं. प्रेमिलानं अर्ज भरला आणि कागदाची सुरळी घेऊन गेली. चिटणीस आनंदरावांनी ती उलगडली.

"हा तर नकाशा आहे. चित्र कुठंय?"

"हेच."

"हे हॉटेल कुठं बांधलंय?"

"कुठंच नाही. असं कोणी बांधणारही नाही. मग याला चित्र नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?"

आनंदरावांनी नियमांचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. पट्टी लावून काढलेलं चित्र चालणार नाही, असं त्यात कुठंही नव्हतं. शेवटी जिन्याखालची जागा मिळाली. तिनं चार टाचण्या मारल्या आणि खाली ठळक अक्षरांत आपलं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मधुसूदन साहेब तणतणत प्रदर्शनात आले. रुपरावांच्या कानावर गोष्ट गेली होती.

"हे आत्ता उतरवा. नाहीतर सोमवारी कामावर येऊ नका."

प्रेमिलाच्या धाकट्या भावाची फी तिच्याच पगारातून जात होती. तरी ती जिन्याला पाठ लावून उभी राहिली.

"सोमवारी येत नाही मी," ती म्हणाली.

शेवटच्या दिवशी कुहीहून तिची आई तुळसाबाई आली. इतर चित्रांकडे तिनं पाहिलंही नाही. जिन्याखाली वाकून, एकेका माणसावर बोट ठेवत ती बराच वेळ बघत राहिली.

"लय साजरं काढलं वं," ती म्हणाली. "पण सारेच बसून राहिले. मंग यायले चहा कोन आणून देते? अन् तो कवा बसते?"

तीन आठवडे प्रेमिला ते टेबल काढत होती, आणि हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

तिनं टाचण्या उपटल्या. आनंदरावांना वाटलं, बाई एकदाची चित्र नेते आहे. पण तिनं कागद फरशीवर पसरला, गुडघे टेकले आणि पिशवीतून शाईचा पेन काढला.

"अहो, लावलेल्या चित्राला आता हात लावता येत नाही!"

"माझं आहे ते," मान वर न करता प्रेमिला म्हणाली, आणि वकिलाच्या पलीकडे, किटली बाजूला ठेवून निवांत बसलेला एक माणूस काढू लागली.

शाई वाळेपर्यंत तुळसाबाईनं पदर सावरून, कोणाचा पाय पडू नये म्हणून, कागदाभोवती राखण केली.